श्वानबळीपासून माजघरापर्यंत

बिदरच्या तटाबाहेर पडून कमठाण्याच्या बाजूस निघाले म्हणजे जांभ्याच्या तांबड्या माळावर नंदीनगर लागते. कर्नाटकाच्या पशुवैद्यक, पशुविज्ञान व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठाणे तेथे आहे. विद्यापीठ २००४ सालच्या कायद्याने जन्मास आले; तेथील पशुवैद्यक महाविद्यालय त्याच्याही पूर्वीचे. हा सारा मुलूख मुळात गुराढोरांचा. देवणी बैलाचे वळूपण ज्या पट्ट्यात नावारूपास आले त्याच पट्ट्यात कमठाणा, भालकी, उदगीर ही गावे येतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर मराठी मुलखात गेले, भालकी-हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. पण गुरांच्या बाजारांना आणि देवांच्या यात्रांना ही नवी सीमा कधी फारशी मानवली नाही. तेव्हा येथे पशुवैद्य म्हटला की बैलाचा सुजलेला खांदा आणि म्हशीचे अडलेले वेत एवढेच डोळ्यांसमोर यावे, हे साहजिक आहे.

तथापि गेल्या दोन पिढ्यांत या चित्रात एका नव्या जीवाची भर पडली आहे. पांढरे शुभ्र, लांब केसांचे, कोल्ह्यासारख्या निमुळत्या तोंडाचे, शेपटी पाठीवर वळवून ठेवणारे लहानसे कुत्रे आता तालुक्याच्या गावांतही माजघरात बसलेले दिसते. त्यास सारे जण ‘पॉमेरियन’ म्हणतात. ज्या घरांत आजीच्या काळी कुत्रा ओसरीवर चढला तर ओसरी धुऊन काढीत, त्याच घरांत नातवंडांच्या उशाशी हे कुत्रे निजते. हा बदल कसा झाला, आणि त्याने आपल्यावर कोणते नवे ऋण चढले, याचा शोध घेण्यासारखा आहे. देवस्थानाशी बांधलेल्या आपल्यासारख्या लोकांस तर तो विशेषच घेण्यासारखा आहे. कारण कुत्र्याविषयी आपली परंपरा एकाच वेळी दोन गोष्टी बोलत आली आहे.

प्रथम वेदांकडे पाहावे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची दूती सरमा ही पणींकडे गायींचा शोध घेत जाते, तो संवाद प्रसिद्ध आहे. तिची संतती ते सारमेय. यमाच्या वाटेवर राखण करणारे चार डोळ्यांचे दोन श्वानही तिचेच. भुवयांवर दोन ठिपके असलेल्या कुत्र्यास आजही खेड्यात ‘चार डोळ्यांचा’ म्हणतात, हे ज्यांनी ऐकले असेल त्यांस या वर्णनाचे कोडे पडणार नाही. परंतु याहून मला महत्त्वाचे वाटते ते सातव्या मंडलातील पंचावन्नावे सूक्त. त्यात घराच्या कुत्र्यास संबोधून सांगितले आहे की, चोरावर भुंक, आमच्यावर का गुरगुरतोस, नीज. पुढे निजणाऱ्यांची जी यादी येते तीत माता आहे, पिता आहे, घरधनी आहे आणि त्यांच्याच ओळीत कुत्राही आहे. म्हणजे वसिष्ठांच्या काळी घरातील माणसे मोजताना कुत्र्यास वगळीत नसत.

महाभारताचा प्रारंभ आणि शेवट, दोन्ही ठिकाणी कुत्रा आहे. जनमेजयाच्या सत्रात सरमेच्या पिलाने हविर्द्रव्यास तोंड लावले नव्हते, तिकडे पाहिलेही नव्हते. तरी जनमेजयाच्या भावांनी त्यास मारले. सरमेने येऊन जाब विचारला आणि शाप दिला. निरपराध कुत्र्यास मारल्याबद्दल राजकुळास शाप मिळतो, येथून ती महाकथा सुरू होते. आणि महाप्रस्थानिक पर्वात धर्मराज स्वर्गाच्या रथाशी उभा असता, सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून मी येणार नाही, असे इंद्रास सांगतो. त्या प्रसंगी इंद्राचे उत्तर काय आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. कुत्री बाळगणाऱ्यांस स्वर्गात जागा नाही, असे तो स्पष्ट सांगतो. म्हणजे महाभारत रचले गेले त्या काळी कुत्रा अपवित्र मानण्याची समजूत रूढ झालेली होती. युधिष्ठिर ती समजूत खोटी आहे असे म्हणत नाही. आश्रयास आलेल्याचा त्याग करणे हे त्याहून मोठे पाप आहे, एवढेच तो म्हणतो. हा भेद सूक्ष्म असला तरी पुढच्या विवेचनास उपयोगी आहे.

धर्मशास्त्राने मग एक मधला मार्ग काढला. वैश्वदेवानंतर गृहस्थाने स्वतः जेवण्यापूर्वी कावळ्यांस, कुत्र्यांस, पतितांस भूमीवर अन्न ठेवावे, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. काकबळी आणि श्वानबळी हे शब्द आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होते. कुत्र्याचा घासावर हक्क आहे, आणि तो यजमानाच्या घासाच्या आधीचा आहे. परंतु तो भूमीवर, उंबरठ्यापलीकडे. जुन्या संसारात ही वाटणी फार सोयीची होती. गल्लीचे कुत्रे गल्लीचेच राही, दहा घरचे दहा घास खाई, स्वतःच्या हिमतीवर जगे आणि स्वतःच्या नशिबाने मरे. त्याच्या आजारपणाची जबाबदारी कोणा एकावर नव्हती.

येथे भाषेची एक गंमत सांगतो. कोंकणीत कुत्र्यास ‘सुणें’ म्हणतात. संस्कृतातील श्वन्, शुनक यांच्याशी नाते राखणारा हा शब्द जुन्या मराठीतही होता. महानुभावांच्या गद्यात तो भेटतो. चक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली जीव वाचविण्यास शिरलेला ससा आणि त्याच्या मागे लागलेली पारध्यांची सुणीं, ही ‘लीळाचरित्रा’तील लीळा बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. पुढे मराठीने ‘कुत्रा’ पत्करला आणि ‘सुणें’ टाकले. कोंकणीने मात्र ते आश्रितास टाकू नये तसे जवळ ठेवले.

ती सुणीं शिकारीची होती. मध्ययुगात आपल्याकडे जो कुत्रा नावाजला गेला तो मुख्यतः शिकारीचाच. याचा पुरावा आपल्या अगदी दारी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्याने ११२६ ते ११३८ पर्यंत राज्य केले, त्याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात शंभर अध्याय आहेत. राज्य कसे मिळवावे येथपासून भात कसा शिजवावा येथपर्यंत त्यास कोणताही विषय वर्ज्य नाही. काही प्राचीन मराठी पदरचनाही त्यात सापडते, म्हणून आपल्या वाङ्मयेतिहासकारांस तो प्रिय आहे. त्यातील विनोदांच्या विंशतीत कोंबडे, लावे, एडके, पारवे यांच्या जोडीने ‘सारमेयविनोद’ नावाचे प्रकरण आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. कमठाण्याहून बैलगाडीनेही गाठता यावे इतके जवळ. नऊशे वर्षांपूर्वी याच भागात कुत्र्यांविषयी शास्त्र म्हणून लिहिले गेले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी. पण ते शास्त्र राजाच्या करमणुकीचे होते. मांडीवर बसणाऱ्या, निव्वळ सोबतीच्या कुत्र्याला त्या काळी राजदरबारी प्रतिष्ठा होती, असे त्यावरून म्हणता येत नाही.

याच प्रदेशाने कुत्र्यास दुसरी जी जागा दिली ती देवाच्या पायाशी. भालकी तालुक्यात खानापूर येथे मैलार मल्लण्णाचे ठाणे आहे; त्यास आदिमैलार म्हणतात. हाच आपला खंडोबा. त्याच्या मूर्तीशेजारी कुत्रे असते, आणि त्याचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवितात. यात्रेत ते भुंकतात, कोटंब्यातले अन्न कुत्र्यासारखे तोंड लावून खातात. शहरी शिक्षित माणसास हा प्रकार पाहून हसू येते. पण सर्वांत हीन मानलेल्या प्राण्याचे नाव आपण होऊन घ्यावे आणि त्या नावाने देवाशी इमान सांगावे, यात केवढी नम्रता आहे! कोंकणात आणि देशावर भैरवाच्या देवळांतही कुत्रे त्या देवाचे वाहन म्हणून असतेच.

दुसरे ठाणे गाणगापूरचे. भीमा-अमरजेच्या संगमावर श्रीनृसिंहसरस्वतींचे दीर्घ वास्तव्य झाले. बिदरचे नाव ‘गुरुचरित्रा’त वैदुरानगर असे येते, हे नित्य पारायण करणाऱ्यांस सांगावयास नको. गाणगापुरास मुख्य पूजा निर्गुण पादुकांची आहे. परंतु घरोघरच्या तसबिरींत दत्तात्रेयांच्या मागे गाय आणि पायाशी चार कुत्री असतात. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाल्यावर ही प्रतिमा रंगीत होऊन गरिबाच्या भिंतीपर्यंत पोहोचली. चार कुत्री म्हणजे चार वेद, असा अर्थ परंपरेने लावला आहे. गाणगापुरास मध्यान्हकाळी दत्तमहाराज कोणत्याही रूपाने भिक्षेस येतात, तेव्हा समोर आलेल्या कोणासही, मग ते कुत्रे का असेना, हाकलू नये, अशी भाविकांची समजूत आहे. एकनाथांच्या चरित्रातही जनार्दनस्वामींस दत्त मलंगाच्या वेषाने भेटतात, बरोबर एक कुत्री असते आणि ती कामधेनू असते. कोवळ्या एकनाथांस प्रथम ते ओळखू आले नाही. नामदेव तर भाकरी पळविणाऱ्या कुत्र्याच्या मागे तुपाची वाटी घेऊन धावले. कीर्तनात या कथा ऐकताना आपले डोळे पाणावतात. घरी परतल्यावर मात्र पायरीवरच्या कुत्र्यास आपण हाड् म्हणतो. आपण ढोंगी आहोत म्हणून असे घडत होते काय? मला तसे वाटत नाही.

सोवळ्यामागे निव्वळ विटाळाची कल्पना नव्हती. एक अतिशय खरे भय होते. पिसाळलेल्या कुत्र्याचे विष सुश्रुताने कल्पस्थानाच्या सातव्या अध्यायात वर्णिले आहे. त्यात पाण्याच्या दर्शनाने येणाऱ्या त्रासाचाही उल्लेख आहे, आणि ती अवस्था आल्यावर रोगी जगत नाही, हेही त्यास माहीत होते. १८८५ साली पाश्चरने पॅरिसमध्ये एका मुलास पहिली लस टोचली तोपर्यंत जगात या रोगावर उपाय नव्हता. हिंदुस्थानात कसौलीची पाश्चर संस्था १९०० साली निघाली, कुन्नूरची १९०७ साली. कसौलीस सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून जी लस सिद्ध केली तीच पुढे जवळजवळ शंभर वर्षे आपल्या सरकारी दवाखान्यांतून दिली जाई. बेंबीभोवती चौदा सुया! ज्यांनी त्या सोसल्या त्यांनी आपल्या मुलांस कुत्र्याच्या सावलीसही उभे राहू दिले नाही, यात नवल नाही. शिवाय त्या लसीने क्वचित रोग्याच्याच मज्जातंतूंस इजा होई. भारतात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात थोड्या सुया घेतल्या की भागते, मात्र जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे. तेव्हा आजीच्या कडकपणास आपण हसू नये. जी लस तिला मिळाली नाही तिच्या जागी तिने सोवळे वापरले.

आता माजघरातल्या कुत्र्याकडे येऊ. पॉमेरानिया हा बाल्टिक समुद्राकाठचा थंड प्रदेश. आज तो बहुतांशी पोलंडात व थोडा जर्मनीत आहे. तेथील दाट केसांची ‘स्पिट्झ’ जातीची कुत्री अठराव्या शतकात इंग्लंडच्या राजवाड्यात गेली. तिसऱ्या जॉर्जच्या राणीने, शार्लटने, ती नेली, तेव्हा ती चांगली थोराड होती. पुढे व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतील फ्लॉरेन्सहून ‘मार्को’ नावाचे लहान चणीचे कुत्रे आणले आणि मग लहानाहून लहान पिल्ले निपजविण्याची तेथे चढाओढ लागली. १९०१ साली राणी मरणशय्येवर असता तिच्या पायाशी याच जातीचे ‘तुरी’ नावाचे कुत्रे होते, असे सांगतात. आजच्या इंग्रजी मोजमापात या कुत्र्याचे वजन दोन-अडीच किलोंहून अधिक नसते. म्हणजे एके काळचे राखणीचे जनावर माणसाने शे-सव्वाशे वर्षांत ओंजळीत मावेल एवढे करून टाकले.

इंग्रजांच्या छावण्यांतून आणि बंगल्यांतून या वंशाची कुत्री हिंदुस्थानात पसरली. येथे ती येथल्याच परिस्थितीत पिढ्यान्‌पिढ्या वाढली. म्हणून आपण ज्यास पॉमेरियन म्हणतो तो बहुधा पॉमेरियन नसतोच. जाणकार त्यास ‘इंडियन स्पिट्झ’ म्हणतात. त्यातला लहान प्रकार पाच-सात किलोंचा, मोठा त्याच्या दुपटीहून अधिक. येथल्या उष्म्यास तो खऱ्या पॉमेरियनपेक्षा चांगला टिकतो. स्वातंत्र्यानंतर परदेशी कुत्री आणणे महाग आणि कटकटीचे होते, त्यामुळे मध्यम वर्गाच्या घरात हाच शिरला. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातील टफीने तर त्याची कीर्ती कळसास नेली. दहाएक वर्षांनी एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत चपट्या तोंडाचा पग दिसला आणि लोकांचे मन तिकडे धावले. चपट्या नाकामुळे पगास उन्हाळ्यात श्वास घेणेही जड जाते, हे जाहिरातीत कोण सांगणार?

परदेशी कुत्र्याने आपल्या सोवळ्या घरांत पहिले पाऊल टाकले ते मात्र चारही पायांनी नव्हे, असे मी नेहमी म्हणतो. ते ग्रामोफोनच्या तबकडीवर बसून आले. कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेला तो निपर प्रत्यक्षात १८९५ सालीच मेला होता. त्याच्या धन्याच्या चित्रकार भावाने तो चित्रात अमर केला. भजने, नाट्यपदे ऐकण्यासाठी ज्या हातांनी ती तबकडी पुसली त्या हातांस विटाळ झाला नाही. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब यांचा टिपू तर स्वरात स्वर मिळवी, अशी त्याची ख्याती होती.

लहान कुत्रे देवळात चालतच नाही असेही सर्वत्र नाही. तिबेटातील मठांत दाराबाहेर थोराड मास्टिफ बांधीत आणि आत लहानसे केसाळ ‘अप्सो’ ठेवीत. परका आला की आतले पहिल्याने कान टवकारी, भुंके, आणि मग बाहेरचे उठे. १९६१ पासून कर्नाटकात बैलकुप्प्यास आणि पुढे मुंडगोडला तिबेटी वसाहती झाल्या. तेथले धर्मनिष्ठ लोक लहान कुत्र्याच्या वासाने देव बाटतो असे मानीत नाहीत. आपण त्यांचे अनुकरण करावे असे माझे म्हणणे नाही. देवघर आणि स्वयंपाकघर या दोन खोल्यांत कुत्र्याने जाऊ नये, असा नियम घरात असल्यास लहानपणापासून शिकविलेले स्पिट्झ पिल्लू तो तंतोतंत पाळते. उंबरठा कोणता हे त्यास एकदा कळले की ते तेथेच पंजे जोडून बसते. नियम मोडतात ती माणसे, आणि तीही लाडाने.

येथे जबाबदारीचा प्रश्न येतो. गल्लीतल्या कुत्र्याजवळ दहा घरे होती. माजघरातल्या कुत्र्याजवळ एकच आहे. आपण त्याच्या पूर्वजांस लहान केले, केसाळ केले, परावलंबी केले आणि बाल्टिकच्या काठावरून आणून बिदरच्या वैशाखात ठेवले. बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच असल्याने रात्री थोडा गारवा येतो, पण दिवसा पारा चाळिशीस भिडतो. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकून तो उष्णता बाहेर टाकतो. त्याचे अंग आरोग्यावस्थेतही आपल्याहून उष्ण, ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. म्हणून फिरविणे ते सूर्योदयापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर. दुपारी त्यास शहाबादी फरशी उघडी ठेवावी. सतरंजीपेक्षा त्यास ती प्रिय असते. लाळ गळू लागली, झोक जाऊ लागला, तर साध्या पाण्याने अंग भिजवून वारा घालावा, बर्फ लावू नये, आणि वैद्याकडे न्यावे.

उन्हाळा आला की त्याचे केस मुळापासून तासून काढण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. ती बरी नाही. स्पिट्झच्या अंगावर दोन थर असतात, आत लोकरीसारखा आणि बाहेर लांब केसांचा. बाहेरचा थर उन्हापासूनही राखतो, आणि एकदा तासल्यावर तो पूर्ववत येईलच असे नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा फणी करून आतली सुटलेली लोकर काढावी, म्हणजे हवा खेळते आणि गोचिडही वेळीच सापडतात. गोचिडांपासून येणारा ताप आपल्या भागात कुत्र्यांचा मोठा वैरी आहे.

अन्नाविषयी आपल्या घरांत दोन टोकांच्या चुका होतात. पहिली ही की, आपण शाकाहारी म्हणून पिलासही नुसता दूधभात. कुत्रे मांजरासारखे केवळ मांसावर जगणारे नाही, योग्य बेताने शाकाहारावर ते राहू शकते. पण वाढत्या पिलास डाळ, दही, पनीर आणि चालत असल्यास अंडे मिळाले नाही तर हाडे वाकतात. असा बेत वैद्यास विचारूनच ठरवावा. दुसरी चूक प्रसादाची. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तास घातक आहे. या बाबतीत चातुर्मास पाळणारे घर त्यास मोठे सुखाचे! परंतु शिऱ्यातला बेदाणा, पंचखाद्यातली खिसमिस, द्राक्षे ही त्याच्या मूत्रपिंडास विषासारखी बाधू शकतात. ही गोष्ट या शतकाच्या आरंभी वैद्यांच्या ध्यानात आली आणि त्यामागे चिंचाम्ल असावे, असे २०२१ च्या सुमारास दिसून आले. तेच आम्ल चिंचेत असते, म्हणून आमटी-सारही वर्ज्य. पाच किलोंच्या जीवास मूठभर प्रसाद म्हणजे केवढा, याचा हिशेब भक्तीने देणाऱ्याने करावा. नको तेथे देणे हेही श्वानबळीच्या नियमात बसत नाही.

सर्वांत दुःखद भाग पैदाशीचा. मादी सुमारे त्रेसष्ट दिवस पोट वागविते. लहान जातीत पिल्ले दोन-चारच होतात आणि चण बारीक असल्याने वेत अडण्याचा धोका अधिक. त्यातही थोराड नराशी संबंध आला तर मादीच्या जिवावर येते. पांढऱ्या पिलांस गिऱ्हाईक आहे म्हणून एकाच मादीस दर ऋतूस गाभण ठेवणारे लोक आहेत. पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी विकू नये, असे २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमात आहे. तरी चार आठवड्यांची, डोळ्यांत चिपडे असलेली पिल्ले टोपलीत घालून बाजारी येतात. आईजवळ राहिलेल्या पिलासच चावण्याची मर्यादा कळते. तिच्या दुधातून मिळालेली शक्ती ओसरू लागली की सहाव्या-आठव्या आठवड्यापासून लसी सुरू होतात. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्वो हा आतड्यांचा रोग लस नसलेल्या पिलास दोन-तीन दिवसांत नेतो. पिसाळीची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे वर्षास एकदा. हा सारा खर्च पिलाच्या किमतीहून अधिक होतो. विकत घेण्यापूर्वीच तो मोजावा.

हे कुत्रे बारा ते पंधरा वर्षे जगते. घरातले मूल शाळेत जाते तेव्हा आणलेले पिल्लू त्याच्या लग्नाच्या सुमारास दातहीन, मोतीबिंदू झालेले, गुडघे निसटणारे म्हातारे होते. फॅशन मात्र पाच वर्षांत बदलते. मग ‘तेथे प्रसाद मिळेल, देवाच्या दारी सुखात राहील’ अशी मनाची समजूत घालून त्यास एखाद्या देवस्थानाच्या आवारात सोडून येतात. गल्लीच्या कुत्र्यांत जन्मलेला जीव तेथे जगेल. परंतु ज्यास उष्टे शोधणे, भांडणे, ऊन टाळणे यांतले काहीच कोणी शिकविले नाही ते पांढरे केसाळ कुत्रे यात्रेच्या गर्दीत आणि दारूकामाच्या आवाजात किती दिवस काढील? आपल्या दुपटीहून अधिक उंच स्वर त्याच्या कानास ऐकू येतात. इंद्राने धर्मराजास नेमके हेच सुचविले होते, की येथे सोडून दे, यात निर्दयपणा नाही.

देवस्थानांच्या विश्वस्तांनी या बाबतीत काही करावयाचे ठरविल्यास उपाय हाताशी आहेत. आवारात पाण्याचे कुंड, यात्रेपूर्वी पिसाळीच्या लसी, निर्बीजीकरण, आणि आणून सोडणाऱ्यास दारातच विचारणारा माणूस. नंदीनगरसारखे ठिकाण जवळ असता बिदर-भालकी भागास तर अडचण नसावी. त्याच विद्यापीठाचे एक केंद्र बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूर येथे मुधोळ शिकारी कुत्र्याची जोपासना करते. त्या कुत्र्याच्या चित्राचे टपाल तिकीटही २००५ साली निघाले. सोमेश्वराच्या परंपरेतील शिकारी कुत्र्यास असा राजाश्रय पुन्हा मिळाला. माजघरातल्या परक्या पोरक्यास मात्र त्याच्या घरावाचून आश्रय नाही.

आश्रय देऊन तो शेवटपर्यंत निभावल्याचा एक दाखला आपल्या इतिहासात आहे. साताऱ्याच्या शाहू महाराजांचा एक आवडता कुत्रा होता. शिकारीत त्याच्या भुंकण्याने महाराज वाघापासून वाचले, अशी कथा आहे. महाराजांनी त्यास जहागीर आणि पालखी दिली, आणि एकदा दरबारात स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. इतिहासकारांनी यात राजाचा लहरीपणा पाहिला. त्या कुत्र्याची समाधी कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीस, राजघराण्याच्या समाध्यांजवळ अजून आहे.